माळवदाचा गारवा आणि माळवदाचं ओझं

आमच्याकडं जमिनीचे दोन रंग. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. काळीत पिकवायचं आणि पांढरीत राहायचं, हा बापजाद्यांचा हिशेब. पांढरी काही वरून पडलेली नाही. पिढ्यान् पिढ्या घरं बांधली, पडली, परत त्याच जागेवर बांधली. त्या भिंतींची माती, चुलीची राख, शेणाचं सारवण, सगळं कुजून-मुरून जी मऊ, पिठासारखी माती झाली ती पांढरी. आमची घरं हिच्यातूनच उभी राहिली. तुळजापूर तालुक्यातला उन्हाळा आमच्या चार पिढ्यांनी हिच्याच सावलीत काढला, आणि एका पहाटे आमच्या भागातली हजारो माणसं हिच्याच खाली गाडली गेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवली तर पुढच्या पोरांना काहीच कळणार नाही, म्हणून दोन्ही लिहून ठेवतो.

आमचा तालुका बालाघाटाच्या डोंगराला चिकटून आहे. पाऊस बेताचा, झाडी विरळ, खाली काळा खडक. चैत्री पौर्णिमेला आईच्या दर्शनाला लोक अनवाणी चालत येतात तेव्हा डांबर पायाला चिकटतं. वैशाखात पारा चाळीस-बेचाळीसच्या घरात जातो. वाऱ्याची झळ अशी येते की भट्टीचं दार उघडलं. तरी माझ्या लहानपणी आमच्या घरात पंखा नव्हता, कारण वीजच नव्हती, आणि दुपारी बारा ते चार घरातली माणसं माजघरात घोंगड्यावर निवांत झोपलेली असायची. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. आई घरात आली की पहिल्यांदा भाकरी मागायची नाही, पाणी मागायची नाही. माजघराच्या भिंतीला पाठ लावून बसायची. म्हणायची, "जरा भितीला टेकू द्या रं मला." ती भिंत वैशाखातही माठासारखी गार असायची.

आता तरुण मंडळींना माळवद म्हणजे काय हे सांगावं लागतं. बाहेरून दगडमातीच्या भिंती, अडीच-तीन फूट जाड. आत सागवानी किंवा बाभळीचे खांब. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं असं कुणी विचारलं की फूट सांगत नसत, "सात खणाचं" असं सांगत. खांबावर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर किलचा म्हणजे बारकी फळकुटं, दाट बसवलेली. त्यावर तरवड-निरगुडीचा नाहीतर लिंबाचा पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी, चोपून चोपून घट्ट केलेली. छप्पर सपाट. त्यावर उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळायचे आणि रात्री माणसं झोपायची.

काळी माती माळवदावर कधी टाकत नसत. काळी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, भेगेतून पाणी घरात येतं. पांढरी भेगाळत नाही, भिजली की वरचा थर दाबून बसतो आणि पाणी पन्हाळीकडं निघून जातं. हे कुणी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. रोज दोन्ही मातीत हात घालणाऱ्याला ते आपोआप कळतं.

बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नसत. त्याचं एक कारण चोरी-दरोडा. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या दिवसांत लोक दाराला आतून आडणा लावून बसत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरकडून आली ती आमच्याच तालुक्यातल्या नळदुर्गातून आत शिरली. त्याच्या आठवणी आजा माळवदावर झोपताना सांगायचा. दुसरं कारण ऊन. खिडकी नाही म्हणजे दुपारची झळही आत नाही. मग उजेड आणि धूर यांची सोय काय? त्यासाठी छपराला भोक, त्याला आमच्याकडं कुणी साणं म्हणतं, कुणी सवणं. वीतभर रुंद, वर मातीची कड, पाऊस आला की झाकायला फरशी. चुलीचा धूर त्यातून वर जायचा आणि धुरासंगं घरातली गरम हवाही जायची. संध्याकाळी दार उघडलं की अंगणातली गार हवा खालून आत आणि दिवसभराची कोंदट हवा साण्यातून बाहेर. बटण नाही, बिल नाही.

हे घर गार का राहायचं, हे मला पुढं एका इंजिनिअर पाव्हण्यानं समजावलं. तो म्हणाला, "काका, भिंत ऊन अडवत नाही, ती ऊन उशिरा पोचवते." जाड भिंतीला सकाळपासून ऊन लागतं, पण ती ऊब सरकत सरकत आतल्या अंगाला यायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र झालेली असते, बाहेर हवा गार झालेली असते, आणि ती ऊब आल्या वाटेनं निघून जाते. आपल्याकडं उन्हाळ्यात दिवस तापतो पण रात्र निवते, म्हणून ही युक्ती चालते. कोकणात रात्रीही घाम येतो, तिथं जाड भिंतीचा एवढा उपयोग नाही, तिथं वारा खेळायला पाहिजे. म्हणून कोकणातलं कौलारू घर वेगळं आणि आमचं माळवद वेगळं. ज्या मुलखाचं ऊन जसं, तसं तिथलं घर.

आणखी एक गोष्ट. पांढरीचा रंगच उजळ. काळा खडक तापतो तशी ती तापत नाही, ऊन परतवून लावते. त्यात संध्याकाळी बाया माळवदावर आणि अंगणात पाण्याचा सडा मारत. पाणी वाळताना गारवा देतं, माठाचं जे तेच याचं. जमीन दर चार-आठ दिवसांनी शेणानं सारवलेली, भिंतींना आतून पोतारा. दारात लिंबाचं झाड. अशा पाच-सहा साध्या गोष्टी एकत्र आल्या की गारवा होतो. एकट्या मातीचा तो चमत्कार नव्हता.

ही विद्या फक्त गरिबाची होती असंही नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन बघा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर धरणाची भिंत बांधली आणि त्या भिंतीच्या पोटात दालनं काढली. तोच पाणी महाल. डोक्यावरून पाणी वाहतंय, दोन्ही अंगांनी हातच्या हात जाड दगडी काम, समोर झरोका आणि झरोक्यासमोर पाण्याची धार. पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला आता गाड्यांच्या रांगा लागतात. पण भर उन्हात आत पाऊल टाकलं की कळतं, बादशहाला जे पाहिजे होतं तेच माझ्या आईला पाहिजे होतं. त्याच्याकडं नदी होती, आमच्याकडं पांढरी.

आता ओझ्याकडं येतो.

माळवदाला दरसाल माती लागायची. मृगाच्या आधी, वैशाखाच्या शेवटाला, गावाबाहेरच्या पांढरीवरून बैलगाडीनं माती आणायची, पाट्या वर चढवायच्या, पसरायची, पाणी शिंपडायचं, चोपण्यानं बडवायची. गळती लागली की त्या जागेवर आणखी चार पाट्या. जुनी माती कुणी काढत नसे, नवी वर पडत असे. आज्याच्या लग्नात वीतभर असलेला थर माझ्या लग्नापर्यंत हात-दीड हात झाला. जाड झालं तसं घर आणखी गार झालं, आणि जाड माळवद हे प्रतिष्ठेचंही लक्षण झालं. हिशेब कुणी केला नव्हता. मी पुढं केला. दहा बाय दहाचा एक खण आणि वर एक फूट माती धरा. शंभर घनफूट झालं. घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो धरलं तर साडेचार-पाच टन. उसानं भरलेल्या तीन बैलगाड्या एकेका खणाच्या डोक्यावर, आणि खाली लेकरं झोपलेली.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर असेल. आमच्याकडं आधी खालून गाडी गेल्यासारखा आवाज आला, मग भांडी पडली, मग मागची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली. आम्ही सगळे ओसरीवर होतो म्हणून निभावलं. उजाडल्यावर बघितलं तर भिंत नाही, पण माळवद जागेवर. खांबांनी ते धरून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी गावातून तीन ट्रॅक्टर भाकरी-चटणी घेऊन सास्तूरकडं गेले, त्यात मी होतो. वरून पाऊस चालू होता. तिथं गाव नव्हतंच. दगडांचे ढीग आणि त्यावर पांढरी माती, भिजून चिखल झालेली. जवान आणि गावकरी फावड्यानं माती ओढत होते. लातूर आणि आमचा जिल्हा मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. ज्या मातीनं आईच्या पाठीला गारवा दिला तीच माती लोकांच्या नाकातोंडातून काढताना मी बघितली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

पण त्या ढिगाऱ्यात दोन गोष्टी दिसल्या, त्या सांगायलाच पाहिजेत. काही ठिकाणी चारी भिंती पडल्या होत्या आणि मधे खांबांवर माळवद जसंच्या तसं उभं होतं. ज्यांनी चांगल्या लाकडाचा पुरा सांगाडा केला होता त्यांचं छप्पर भिंतीच्या भरवशावर नव्हतं. ज्यांनी लाकूड वाचवून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या होत्या, त्यांचं सगळं खाली. दुसरी गोष्ट, गावाच्या कडेला गरिबांची कुडाची छपरं होती, ती उभी. वर पाचट आणि तुराट्या, वजन काहीच नाही. पडतील तरी माणूस मरणार नाही.

भिंती का पडल्या, तेही नंतर तपासायला आलेल्या जाणत्या लोकांनी सांगितलं. आमची तीन फुटी भिंत ही खरी एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक थर दगडाचा, आतून एक थर, आणि मधे खडे-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड गवंड्यांनी फार थोड्या ठिकाणी घातलेला. हादरा बसला की दोन्ही थर दोन बाजूंना पोट फुगवून फुटले. कोपरे एकमेकांत गुंतवलेले नव्हते, तेही सुटले. म्हणजे पांढरी माती हा गुन्हेगार नव्हता. सुटा दगड आणि डोक्यावरचं बेहिशेबी वजन, या दोघांनी घात केला.

जी घरं हादरली पण पडली नाहीत त्यांच्यासाठी तेव्हा सल्लाही दिला गेला होता. माळवदावरची माती खरवडून वीतभरच ठेवा, खांब आणि तुळईला तिरपे लाकडी टेकू मारा, भिंतीला भोकं पाडून आरपार सिमेंटचे दगड बसवा, दारांच्या वर सगळ्या घराला फिरून सिमेंटचा पट्टा बांधा. सल्ला सोन्यासारखा होता. पण आमच्या गावात तो ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. त्या रात्रीनंतर आई चार वर्षं माळवदाखाली झोपली नाही. थंडीतसुद्धा गोठ्याच्या छपरात बाज टाकायची. घराघरात हीच गत. माणसाला दगडाची आणि मातीची भीतीच बसली. लोकांनी स्वतःच्या हातानं माळवदं उतरवली. शंभर वर्षांचे सागवानी खांब, कोरलेले हस्त, तुळया बाहेरचे व्यापारी येऊन मातीमोलानं घेऊन गेले. ते लाकूड शहरातल्या बंगल्यांत आणि हॉटेलांत लागलं असं ऐकलं.

तिकडं बावन्न गावं उठून नव्या जागेवर गेली. जमीन किती यावरून घर ठरलं, कुणाला अडीचशे चौरस फूट, कुणाला चारशे, कुणाला साडेसातशे. सिमेंटची घरं, सरळ रेषेत रस्ते, भिंती पातळ. घर मजबूत झालं, आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. पण नव्या वसाहतीत बसल्यावर उन्हाळ्यात पहिला शब्द निघायचा तो उकाड्याचाच. झाडं लहान, घरं लांब लांब, एका घराची सावली दुसऱ्याला नाही. जुन्या गावात बोळ एवढे अरुंद की दुपारीही सावली असायची.

आमच्या गावात आधी पत्रा आला. पत्र्याचं ओझं नाही, ही त्याची मोठी खूण, म्हणून भीतीच्या दिवसांत सगळ्यांनी तोच घातला. पण पत्रा दहा मिनिटांत तापतो आणि सगळी ऊब सरळ डोक्यावर टाकतो. अकरा वाजता घर सोडून लिंबाखाली जायचं, सहा वाजता परत यायचं, असं घर झालं ते. मग ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला. स्लॅबची गोष्ट उलटी. चार-पाच इंच जाडी. तो दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठला आत ओकायला लागतो. माणूस शेतातून दमून येतो, पंखा लावतो, आणि पंखा वरची तीच गरम हवा खाली फेकतो. मध्यरात्र उलटेपर्यंत डोळा लागत नाही. ज्याच्याकडं पैसा आहे तो कूलर-एसी आणतो. पण लाइट गेली की तोही आणि आपणही सारखेच.

म्हणजे एका भीतीतून आम्ही सुटलो आणि रोजच्या तापात पडलो. मला सारखं वाटायचं, हे दोनच रस्ते आहेत का? गारवा पाहिजे तर जीव धोक्यात, आणि जीव पाहिजे तर भट्टीत राहा?

याचं उत्तर मला कच्छनं दिलं. २६ जानेवारी २००१ ला भुजकडं भूकंप झाला तेव्हा तिथल्या बातम्या आम्ही कान देऊन ऐकल्या, कारण ते दुखणं आमच्या ओळखीचं. तिथंही दगडमातीची घरं गेली. पण रेताड भागातले भुंगे बरेचसे टिकले. भुंगा म्हणजे गोल घर. मातीची जाड भिंत आणि वर गवताचं हलकं, टोकदार छप्पर. गोल भिंतीला कोपराच नाही, तर सुटणार काय? आणि वर वजनच नाही, तर पडणार काय? कच्छचं ऊन आमच्यापेक्षा कमी नाही, तरी भुंगा आतून गार. म्हणजे जाडी भिंतीत ठेवावी, डोक्यावर ठेवू नये. छप्पर हलकं पाहिजे, पण उन्हाला अडवणारं पाहिजे. एवढं एक वाक्य आमच्या गवंड्यांना आधी कळलं असतं तर!

आईची नव्वदीकडं वाटचाल सुरू झाली तेव्हा तिला स्लॅबखाली दुपार सोसेना. २०१६ साली मी मागच्या परसात तिच्यासाठी एक खोली बांधली. जुन्या घराचेच दगड, पण आता सिमेंटात. दर दोन-अडीच हातांवर आरपार दगड, पायाला, दारावर आणि भिंतीच्या माथ्याला असे तीन सिमेंटचे पट्टे, त्यात सळई. भिंत दीड फुटाची, आतून मातीचा गिलावा. वर पत्रा, पण त्याच्याखाली दीड फूट जागा सोडून बांबूची ताटी आणि ताटीवर तुराट्यांचा थर. पत्रा आणि ताटीच्या मधल्या जागेला दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे पत्र्याखालची गरम हवा तिथूनच निघून जाते, खाली येत नाही. विजेची वायर तुराट्यांपासून लांब, पाइपातून नेली. पत्र्याला वरून पांढरा रंग. पश्चिमेला शेवगा आणि लिंब. गवंडी म्हणाला, "दादा, एवढ्या पैशात स्लॅब झाला असता." झाला असता. पण पहिल्याच उन्हाळ्यात आई जेवून आत गेली आणि चार वाजता उठून म्हणाली, "लेकरा, आज लई दिसानं दुपारचा डोळा लागला बघ." पुढची पाच वर्षं ती त्याच खोलीत राहिली, आणि तिथंच गेली.

ज्यांचा स्लॅब आहे त्यांनी पाडावा असं मी म्हणत नाही. त्याच्यावर फाल्गुनातच चुन्याचे दोन हात मारा, पांढराशुभ्र. आमची पांढरी जे काम करत होती तेच चुना करतो. अहमदाबादनं २०१३ साली उन्हाच्या लाटेसाठी आराखडा केला, आणि पुढं गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायचं काम त्यात आलं. शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये गार छतांचं धोरणच आणलं. शहरांना आता जे सुचतंय ते आपल्या आज्ज्या पोताऱ्याच्या भांड्यात घेऊन फिरत होत्या. स्लॅबवर तुराट्यांचा मांडव घाला, मधून वारा जाऊ द्या. पश्चिमेच्या भिंतीला वेल चढवा. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री उघड्या ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. छताजवळ भिंतीला दोन भोकं ठेवा, तेच तुमचं साणं.

आमच्या गावात आता चारच माळवदं उरलीत, त्यातल्या दोनांत माणसं राहतात. एका घराच्या मालकाच्या मी दोन वर्षं मागं लागलो होतो. शेवटी गेल्या वैशाखात त्यानं वरची माती काढायला घेतली. वीतभर ठेवून बाकीची खाली उतरवली तर अकरा ट्रॉल्या भरल्या. तो बघतच राहिला. म्हणाला, "काका, एवढं आम्ही उशाला घेऊन झोपत होतो?" ती माती त्यानं वाया घालवली नाही, परसातल्या भाजीच्या वाफ्यात आणि लिंबूणीच्या बुडात घातली. खांबांना तिरपे टेकू मारून झालेत, आता तो भिंतीच्या पट्ट्याचं काम काढणार आहे. घर गार राहिलं का, हे मी त्याला मे महिन्यात जाऊन विचारलं. थोडा फरक पडलाय म्हणाला, पण पंखा अजून दुपारी लागत नाही.